काळ्या टाकीत काळं तेल

गाडीखाली माणूस का झोपायचा, हे आता समजावून सांगावं लागतं. सोलापुरात मी अर्धं आयुष्य मोटारींखाली उताणा पडून काढलं असं नातवाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आजोबा, तुम्हांला घरी पलंग नव्हता?" पलंग होता. त्यावर पडायला सवड नव्हती.

त्याचं असं आहे. मोटार म्हटलं की लोकांना इंजिन दिसतं. पण इंजिनाच्या खाली जो लोखंडी सांगाडा असतो, ज्याला आम्ही चासी म्हणतो, त्यात पंचवीस-तीस हलणारे सांधे असतात. स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांना पिना असतात, पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात ते दोन जाड किंगपिन असतात, स्टीअरिंगच्या दांड्यांचे जोड असतात. या प्रत्येकाला वंगण लागतं. इंजिनाला त्याचं स्वतःचं तेल आपोआप मिळतं, पण या बिचाऱ्यांना कुणी विचारत नाही. म्हणून रोज सकाळी एका माणसानं ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरायचं आणि एकेका सांध्यात ग्रीस कोंबायचं. त्यात आमच्याकडचे रस्ते म्हणजे मुरूम आणि फुफाटा. ग्रीस आणि धूळ एकत्र झाली की कानशीसारखी पिना खाते. एक सांधा जरी राहिला तरी चार दिवसांत गाडी बोंब मारायला लागायची.

मी गिरणीच्या इंजिनखात्यात उमेदवारी करून मग स्वतःचा मोटारदुरुस्तीचा कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड आणि एक खड्डा. वडील शाळामास्तर. "सगळ्या गावाची पोरं मी टेबलखुर्चीवर बसवली आणि माझं तेवढं खड्ड्यात गेलं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. तो एकोणीसशे तीसच्या आसपासचा काळ होता.

या खड्ड्यात एके दिवशी अकलूजकडच्या एका बागाईतदारांची भलीमोठी विलायती गाडी आली. गाडी दिसायला राजेशाही, पण चालताना अशी कुरकुरत होती की बैलं बुजावीत. मी ग्रीसगन घेऊन खाली शिरलो, तर ग्रीस मारायला जागाच नाही! प्रत्येक सांध्याशी तांब्याची बारीक नळी आलेली, आणि नळीच्या तोंडाला लाल काहीतरी थापलेलं. खरवडून बघितलं तर लाख.

"लाख कुणी लावली, साहेब?"

"मीच लावून घेतली सोनाराकडून," बागाईतदार म्हणाले. "नवी कोरी गाडी आन् जितं उभी कराल तितं तेलाचं ठिपकं. पाव्हणं हसायला लागलं की वो!"

त्या गाडीत तेलाची एक टाकी होती आणि एक पंप होता. तो पंप नळ्यांतून प्रत्येक सांध्याला आपोआप थेंबथेंब तेल द्यायचा. जास्तीचा थेंब धूळ धुऊन खाली पडायचा. त्या ठिपक्यांनाच साहेबांनी गळती समजून बंदोबस्त करून टाकला होता. मी चार दिवस ती लाख काढत बसलो, आणि त्या चार दिवसांत ती यंत्रणा अक्षरशः पाठ केली. सगळ्यांत मोठी हुशारी नळीच्या तोंडाशी होती. बारीक भोक आणि त्या भोकात त्याहून बारीक तार. भोक आणि तार यांच्या फटीतून तेल झिरपायचं. जवळच्या सांध्याला फट अरुंद, लांबच्याला थोडी मोकळी. म्हणजे जवळच्यानं सगळं तेल प्यायचं आणि लांबच्यानं कोरडं राहायचं, असं होत नसे. हे बघून मला इतका आनंद झाला की घरी जेवताना बायकोला मी वरणाच्या वाटीत चमचा बुडवून थेंब दाखवू लागलो. "अहो, आधी जेवा," ती म्हणाली, "वरणाला किंगपिन नसतो." माझ्या कारखान्यातला निम्मा शब्दकोश तिला पाठ होता.

आता रसूलभाईंबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यासाठी झालं.

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर सिद्रामप्पांच्या उतारू नेणाऱ्या तीन सर्व्हिस मोटारी चालत. त्यांतल्या पहिल्या गाडीचे ड्रायव्हर रसूलभाई. वयानं पन्नाशीचे. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. त्या वर्षी इंजिन सुरू करताना पुढचं हँडल उलटं फिरलं आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं बसवला, पण हात खांद्याच्या वर जाईना. स्टीअरिंग धरता येत होतं, गाडी चालवता येत होती. उताणं पडून डोक्यावर ग्रीसगन मात्र दाबता येत नव्हती.

आणि सिद्रामप्पांचा नियम असा की गाडी ज्याची, ग्रीस त्यानंच मारायचं. हा नियम दुष्टपणाचा नव्हता. पूर्वी क्लीनरनं एक सांधा विसरल्यामुळं त्यांची एक गाडी ओढ्यात कलंडली होती. "तेल एकाच्या हाताचं, गाडी दुसऱ्याच्या हातात, मग जाब कुनाला इचारायचा?" ते म्हणत. आप्पा अक्कलकोटचे, घरी कानडी, धंद्यात मराठी, रागात दोन्ही. त्यांनी रसूलभाईंना पंधरा दिवसांची मुदत दिली. तोवर हात वर गेला तर ठीक, नाहीतर घरी बसायचं.

रसूलभाई माझ्या शेडमध्ये येऊन बसले. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त म्हणाले, "मिस्त्री, गाडी के बगैर मैं घर में क्या करूँ? दीवार देखूँ?"

मी त्याच दिवशी आप्पांकडं गेलो आणि म्हणालो, गाडीला मी असं यंत्र बसवतो की कुणालाच खाली शिरावं लागणार नाही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात हलवला. "ब्याड, ब्याड! नको बाबा. विलायती गाडीचं सोंग माझ्या गाडीला कशाला?" मी हटून बसलो. शेवटी ते म्हणाले, "बसवा. पन एक सांगून ठेवतो. त्या नळ्यांपायी गाडी एकदा जरी वाटंत हुबी ऱ्हायली, तर नळ्या तुमी काडायच्या आन् रसूलनं चावी माझ्याकडं द्यायची."

मी हो म्हणालो. हो म्हणताना माझ्याकडं यंत्र नव्हतं, फक्त खात्री होती.

यंत्र मी गिरणीच्या भंगारातून उभं केलं. वाफेच्या इंजिनाला थेंबथेंब तेल पुरवणारी एक पितळी डबी असे. आत छोटा पंप, बाहेर दातेरी चाक. दांडा एकदा हलला की चाक एक दात सरकायचं आणि पंप तेलाला पुढं ढकलायचा. अशी एक मोडकी डबी मी दुरुस्त केली आणि तिचा दांडा क्लचच्या पेडलला जोडला. ड्रायव्हर गिअर बदलायला क्लच दाबणारच. दाबला की सगळ्या सांध्यांना तेल. त्यानं लक्षात ठेवायचं असं काही उरलंच नाही! तोंडाच्या भोकांसाठी तार हवी होती, ती हातमागाच्या फणीतून मिळाली. चाकं हलली की नळ्या तुटू नयेत म्हणून तिथं नळीला वेटोळी दिली. बाराव्या दिवशी खड्ड्यात उभा राहून मी रसूलभाईंना म्हणालो, "दाबा क्लच." ते दाबत राहिले आणि एकेका सांध्याशी मोत्यासारखा थेंब जमू लागला. मी खड्ड्यात एकटाच ओरडलो. वरून रसूलभाईंनी घाबरून विचारलं, "लग्या क्या कुछ?"

महिनाभर गाडी लोण्यासारखी चालली. मी ज्याच्या त्याच्यापाशी त्या यंत्राची गोष्ट काढू लागलो. मग एका इंजिनाच्या कामासाठी मला आठ दिवस वैरागला जावं लागलं. परत आलो आणि त्यानंतर तीन-चार आठवड्यांत, उन्हं तापायला लागली तशी गाडी कुरकुरायला लागली.

एका गुरुवारी, स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्या लोकांनी गाडी भरलेली असताना, वळसंगच्या अलीकडं वळणावर स्टीअरिंग वळेना. रसूलभाईंनी त्या दुखऱ्या खांद्यानं जोर लावून गाडी कशीबशी बाभळीखाली उभी केली. मला निरोप आला तसा मी दुसऱ्या मोटारीनं धावलो. आप्पा माझ्याआधी पोचले होते. उतारू उन्हात उभे होते. मी खाली शिरून बघितलं तर सगळे सांधे ठणठणीत कोरडे. आणि बाहेर येऊन मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "रसूलभाई, तुम्ही क्लच अर्धाच दाबत असणार."

रसूलभाई खांदा धरून बाभळीखाली बसले.

आप्पांनी हात पुढं केला. "चावी." रसूलभाईंनी चावी दिली.

"आप्पा, पुढच्या गुरुवारपर्यंत थांबा," मी म्हणालो. "काय बिघडलं ते शोधून काढतो. नाही सापडलं तर नळ्या तुमच्या देखत उपटतो."

आप्पांनी चावी कनवटीला लावली. "गुरुवार," एवढंच ते म्हणाले.

तीन दिवस मी झपाटल्यासारखा त्या यंत्राच्या मागं लागलो. पंप ठीक होता. क्लचचा दांडा ठीक होता, म्हणजे रसूलभाईंवरचा माझा आरोप पहिल्याच दिवशी खोटा ठरला होता. नळ्या तेलानं भरलेल्या होत्या. टाकीतलं तेल मात्र मी तपासलं नाही. टाकी भरलेली होती, मग बघायचं काय? शेवटी तोंडं उघडली, तर प्रत्येक भोकात पिवळसर, कडक पापुद्रा. नखानं निघेना. लाख नव्हती. गोंदही नव्हता, कारण पाण्यात विरघळेना. मला वाटलं, माझ्याच तारांना गंज चढून काहीतरी झालं आहे. माझी अक्कल एवढीच, असं म्हणत मी घरी आलो.

बायको चहा घेऊन आली आणि माझ्या हातातलं नळीचं ते पितळी तोंड तिनं उचललं. नाकाशी नेलं. मग माझ्याकडं बघून हसायला लागली.

"अहो, हे करडईचं तेल आहे."

"काहीतरीच."

"या बघायला." तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन तेलाची बुधली दाखवली. बुधलीच्या तोंडाशी तसाच पिवळा चिकटा धरला होता. "करडईचं तेल उघडं राहिलं की असंच वाळतं. दर पंधरा दिवसांनी मी हे खरवडते, तेव्हा तुम्ही पेपर वाचत असता."

मी कपाळावर हात मारून घेतला. मोटारीचं तेल कितीही दिवस राहिलं तरी वाळत नाही. करडईचं वाळतं, उन्हात तर फारच लवकर, आणि माझी सगळी यंत्रणा म्हणजे तीस बारीक भोकं, उन्हात आणि वाऱ्यावर उघडी!

तसाच रसूलभाईंच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून खरोखरच समोरच्या भिंतीकडं बघत होते.

"रसूलभाई, मी वैरागला होतो तेव्हा टाकीत काय घातलंत?"

त्यांचा चेहरा खुलला. "अच्छा तेल डाल्या, मिस्त्री! डब्बा खाली हुवा, तुम नहीं थे. मैं घाने पे खडा रह के ताजा तेल निकाल्या. वो तुमारा काला तेल जली हुई बास मारता. हमारे घर में करडी का वैच तेल खाते. गाडी भी तो घर की है ना?"

घरात जे सर्वांत चांगलं, ते त्यांनी गाडीला दिलं होतं. मी तो पापुद्रा त्यांच्या हातात ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी तो बराच वेळ चिमटीत धरला. "मतलब मैंच मार्‍या गाडी कू," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"नाही," मी म्हणालो. "मी तुम्हांला टाकी रिकामी होऊ देऊ नका एवढंच सांगितलं. काय घालायचं ते सांगितलं नाही. आणि वर चारचौघांत तुम्हांलाच बोललो. ते माझं चुकलं." हे बोलल्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

उपायही बायकोनंच सांगितला. ती तिची बुधली कपडे धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकायची. अंघोळीच्या पाण्याचं मोठं पातेलं तिनं अंगणात चुलीवर चढवलं आणि आम्ही नळ्या, तोंडं, तारा सगळं त्यात उकळलं. पापुद्रा साबणासारखा सुटून आला. रसूलभाई डाव्या हातानं ढवळत होते. "हे पातेलं आता परत अंघोळीला चालणार नाही," बायको म्हणाली, "तुमच्या गाडीलाच आंदण द्या." मग मी गाडीवरची टाकी रिकामी करून पुसली, तिच्यात मोटारीचं तेल भरलं आणि ती डांबरासारख्या काळ्या रंगानं रंगवली. रसूलभाईंना वाचता येत नव्हतं, आणि इतर ड्रायव्हरांपैकीही एकालाच येत होतं. काळ्या टाकीत काळं तेल, हे कुणालाही कळण्यासारखं होतं.

गुरुवारी सकाळी आप्पांसमोर उभा राहून मी सांगितलं, "चूक माझी. कुठलं तेल घालायचं ते मी सांगितलं नव्हतं."

रसूलभाई पुढं झाले. "नहीं आप्पा. तेल मैं डाल्या. करडी का."

आप्पांनी आम्हां दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "यप्पा! चूक कबूल कराया इतकी घाई म्या कुटं बगितली न्हाय." मग कनवटीची चावी काढली. "आज मी पुडं बसतो. दोन खेपा. बगू या."

पहिली खेप निघाली. आप्पा रसूलभाईंशेजारी बसले होते आणि त्यांची नजर रस्त्यावर नव्हती, स्टीअरिंगवर होती. मी मागं उतारूंत कोंबून बसलो होतो. ते वळण आलं. रसूलभाईंनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी स्टीअरिंग फिरवलं आणि गाडी वळली. इतकी अलगद की शेजारच्या म्हातारबाच्या मांडीवरची टोपलीसुद्धा हलली नाही.

वळसंगला गाडी थांबली, तर चढायला एकही माणूस नाही. लिंबाच्या सावलीत दहा-बारा माणसं निवांत गप्पा मारत बसलेली. आप्पा उतरून ओरडले, "अरे, यायचं न्हाय का कुनाला?"

एक बाई गाठोडं सावरत धावत आली. "अगंबया, गाडी आली व्हय! आप्पा, वरडत का न्हाय वो तुमची गाडी? आताशा लांबनं कुईकुई आली की आमी उटतो की!"

सगळे धावत आले. मी खिडकीतून आप्पांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. चढताना त्यांनी रसूलभाईंना सांगितलं, "भोंगा वाजवत जावा. लोकान्ला कळंना झालंय." आयुष्यात मला मानपत्रं मिळाली नाहीत, मिळाली असती तरी त्या बाईच्या तक्रारीपेक्षा मोठं कुठलं ठरलं नसतं.

अशा गाड्या पुढं फार झाल्या नाहीत. मी आप्पांच्या तिन्ही गाड्यांना आणि आणखी काहींना ही यंत्रणा बसवली, पण कागदावर तिचा आराखडा कधी काढला नाही, नोंदणी केली नाही, आणि माझ्यामागं ती बसवणारा कुणी तयार केला नाही. हे माझं चुकलंच. पुढं नव्या गाड्या आल्या, पुन्हा ग्रीसगन आली आणि माणसं पुन्हा गाडीखाली गेली.

पण त्या गुरुवारी शेवटी माणूस गाडीखाली गेला तो वेगळ्याच कारणानं. दुसरी खेप सुखरूप करून आम्ही दिवस असताना सोलापूरच्या थांब्यावर आलो. आप्पा उतरले. गुरुवार म्हणून ते पांढऱ्याशुभ्र धोतरात होते, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांनी रुमाल खाली अंथरला आणि कुणाला काही कळायच्या आत ते स्वतः गाडीखाली शिरले. "दाबा!" आतून आवाज आला.

रसूलभाईंनी क्लच दाबला. आणखी दाबला. दहा वेळा, वीस वेळा दाबला. खाली सगळं शांत.

मग खालून हसण्याचा आवाज आला. आधी दबका, मग खदखदून. आप्पा बाहेर आले, तेव्हा भस्माच्या मधोमध काळ्या तेलाचा एक टपोरा थेंब पडला होता आणि नाकाच्या शेंड्याकडं निघाला होता. मी घाईनं फडकं पुढं केलं.

"ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. त्यांनी कनवटीकडं हात नेला, मग चावी गाडीलाच आहे हे आठवून तसाच मागं घेतला. "रसूलभाई, उद्या सहाची गाडी तुमची. परवाची बी तुमचीच."

आणि कपाळावरचा थेंब न पुसता ते बाजारातून चालत घरी गेले.